चाळीस शेकेलच्या आतला शृंगार



तुमच्यापैकी किती जणींना अफगाण स्नो आठवते? मुंबईच्या पाटणवालांनी 1919 साली काढलेले ते पांढरेशुभ्र क्रीम. भायखळ्याच्या नि माझगावच्या आमच्या घरांतून आरशाखालच्या फळीवर त्याची बाटली, क्युटिक्युरा पावडरचा डबा, खोबरेल तेल आणि घरी धरलेले काजळ एवढेच सामान असायचे. त्यावर घरातल्या पाच बायका नटायच्या. टाटांनी 1952 साली लॅक्मे काढली तेव्हा लिपस्टिक घरात आली खरी, पण ती कपाटात कुलपाआड राहायची आणि लग्नकार्यालाच बाहेर निघायची.

आता इथे सुपर-फार्ममध्ये शिरून पहा. आपण जातो रक्तदाबाच्या गोळ्या आणायला. औषधांची खिडकी असते दुकानाच्या पार टोकाला, आणि तिथे पोहोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी लिपस्टिका, नेलपॉलिशच्या बाटल्या, क्रीमच्या डब्या आणि "एक घ्या, दुसरी अर्ध्या किमतीत" अशा पाट्या. ही मांडणी काही उगाच केलेली नसते, बरे का! गोळ्या घेऊन येणारी बाई परतताना पिशवीत आणखी दोन वस्तू घेऊन येते.

आमच्या बेर शेवाच्या बायकांच्या बैठकीत गेल्या हिवाळ्यात यावरूनच वाद जुंपला. एका भगिनीने मॉलमधून चारशे शेकेलची क्रीमची डबी आणली होती. दुसरी म्हणाली, "अगं, चारशेत माझी वर्षभराची सगळी क्रीमं होतात." तेव्हा आम्ही ठरविले की वाद घालत बसण्यापेक्षा वापरून पाहावे. आम्ही सहा जणी, वय वर्षे 58 ते 83, रंगाने गव्हाळ ते चांगल्या सावळ्या. सोबत तीन नातवंडे. नियम असे केले: कोणतीही वस्तू 40 शेकेलच्या वर नाही, चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहायची, आणि निदान तीन आठवडे वापरल्याशिवाय कुणी मत द्यायचे नाही. मुलांना फक्त नेलपॉलिश, ओठांचे व्हॅसलीन आणि उन्हाचे क्रीम वापरायची मुभा. वहीत नोंदी ठेवायचे काम अकरा वर्षांच्या नातवाला दिले. त्याने प्रत्येकीला दहापैकी गुण मागून मागून भंडावून सोडले!

आधी किमतीचे गुपित सांगतो. लोरेआल ही फ्रेंच कंपनी महागडी लांकोम विकते, आणि 1996 पासून औषधदुकानात मिळणारी मेबलिनही तिचीच आहे. म्हणजे एकाच घरच्या दोन सुना; एक सॅटिनच्या खोक्यात, एक प्लॅस्टिकच्या पाकिटात. अर्थात दोन्हींतला माल अगदी तोच असतो असे नव्हे. सुगंध, पोत, रंगाचा टिकाऊपणा यांत फरक असतो. पण पैशाचा मोठा वाटा डबीला, जाहिरातीला आणि मॉलच्या भाड्याला जातो. लिपस्टिकच्या बाबतीत आमच्या सहाही जणींनी स्वस्त आणि महाग यांत फारसा फरक नाही असेच मत दिले. केरलाईन हे तर इथलेच नाव. तिची विटकरी रंगाची कांडी चौघींना शोभली. एका स्वस्त कांडीने मात्र ओठ असे कोरडे पडले की दुसऱ्याच दिवशी ती बाद केली.

नेलपॉलिशची परीक्षा सर्वांत रंगली, कारण तीत मुले होती. मुलांनो, तुम्हांला माहीत आहे का की नेलपॉलिशमध्ये मुख्य पदार्थ असतो नायट्रोसेल्युलोज? जुन्या काळी सिनेमाच्या फिती त्याच्याच बनत आणि भुरकन पेट घेत. तो पदार्थ एका उग्र वासाच्या द्रावणात विरघळवलेला असतो. द्रावण उडून गेले की नखावर रंगाचा पातळ पापुद्रा राहतो. म्हणूनच बाटली उघडी ठेवली की पॉलिश घट्ट होते, म्हणूनच खिडकी उघडून लावावे, आणि म्हणूनच ते ज्योतीजवळ लावू नये. रेव्हलॉनचे चार्ल्स रेव्हसन हे स्थलांतरित यहुदी कुटुंबातले. त्यांनी भाऊ आणि एका रसायनतज्ज्ञ भागीदारासह 1932 साली, अमेरिकेत मंदीने लोक हवालदिल झाले असताना, फक्त नेलपॉलिश घेऊन धंदा सुरू केला. नवा झगा परवडत नव्हता, पण नखांपुरता रंग परवडत होता.

आम्ही सात बाटल्या घेतल्या. शुक्रवारी दुपारी, स्वयंपाक आटोपून, शब्बाथचे दिवे लावायच्या आधी सगळ्या जणी टेबलाभोवती बसलो. घाई असल्यामुळे पहिल्या खेपेस जाड थर दिले गेले आणि ते वाळता वाळेनात. एकीने तसेच चादरीला हात लावले, तर चादरीवर ठसे. पुढच्या शुक्रवारी दोन पातळ थर, मध्ये पाच मिनिटे, आणि खाली पारदर्शक थर असे केले, तेव्हा सर्वांत स्वस्त बाटलीसुद्धा पाच दिवस टिकली. खालच्या पारदर्शक थराने नखे पिवळी पडत नाहीत, विशेषतः गडद लालाच्या खाली. महागडी बाटली आणून जाड थर देण्यापेक्षा स्वस्त बाटली आणून धीर धरलेला बरा.

आमच्या वयाच्या वाचकांसाठी दोन गोष्टी. शस्त्रक्रियेला किंवा इस्पितळात भरती व्हायला जाताना नखांचा रंग काढून जावे. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजतात, तेव्हा गडद रंगामुळे आकडा चुकू शकतो. शिवाय डॉक्टर नखांच्या रंगावरूनही पुष्कळ ओळखतात. दुसरे म्हणजे दिव्याखाली घट्ट करायचे ते जेल पॉलिश. त्याची घरी करायची स्वस्त पेटी आमच्यापैकी एकीची सून घेऊन आली होती. ती आम्ही परीक्षेत घेतली नाही. ते कच्चे जेल कातडीला लागले तर ॲलर्जी जडू शकते आणि ती जन्मभर राहते. त्याच कुळातले पदार्थ दाताच्या उपचारांतही वापरतात, तेव्हा तिथेही पंचाईत होऊ शकते. युरोपीय संघाने तर 1 सप्टेंबर 2025 पासून अशा जेलमध्ये वापरला जाणारा टीपीओ नावाचा एक पदार्थ बंदच केला. आणि मिकवेला जायचे तर नखांवर काही नको हे लेकीसुनांना आम्ही सांगायला नको. साधे पॉलिश कापसाच्या एका बोळ्याने निघते, जेल काढायला मात्र तासभर मोडतो.

आता कातडीकडे वळू. कोकणात होतो तेव्हा हवेतच इतका ओलावा की क्रीम कशाला लागते हेच कळत नसे. रेवदंड्याला, अलिबागला, पेणला आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. म्हणजे कातडीला तेल कसे मुरवावे हे आपल्याला कुणी शिकवायला नको होते! पण इथे नेगेवची कोरडी हवा, वर्षातून अनेकदा येणारे शाराव वारे आणि हिवाळ्यात घरातले हीटर. वय झाले की कातडीतले तेल आपोआप कमी होते. मग पायांवर पांढरे खवले, रात्री खाज, टाचांना भेगा.

इथे आमची वही स्पष्ट बोलते. दहापैकी नऊ गुण मिळाले ते दोन अगदी साध्या वस्तूंना. एक, व्हॅसलीन. अमेरिकेतल्या चेसब्रो नावाच्या गृहस्थांनी 1872 साली त्याचे पेटंट घेतले, आणि दीडशे वर्षांत त्याला कुणी मागे टाकलेले नाही. मात्र ते कोरड्या कातडीवर फासून उपयोग नाही. आंघोळीनंतर अंग टिपावे, पुसून कोरडे करू नये, आणि ओलसर अंगावरच लावावे, म्हणजे आतले पाणी आतच राहते. दुसरे, टाचांसाठी दहा टक्के युरिया असलेले क्रीम. नाव ऐकून नातवंडे "ई!" म्हणून ओरडली, पण हा युरिया कारखान्यात बनतो. तीन आठवड्यांत 83 वर्षांच्या आमच्या मावशींच्या टाचा अशा झाल्या की त्यांनी चपलेतून पाय बाहेर काढून सर्वांना दाखविले. भेगेतून रक्त येत असेल तर मात्र युरिया झोंबतो. आणि साखरेचा आजार असेल तर टाचेची भेग डॉक्टरांना दाखवावीच.

एक सावधगिरी ऐका, कारण ती आपल्या घरांना नेमकी लागू आहे. अशी तेलकट मलमे रोज लावली की ती बाहीत, ओढणीत, पांघरुणात मुरतात, आणि असे कापड ज्योतीजवळ आले तर नेहमीपेक्षा फार लवकर पेटते. ब्रिटनच्या औषध-नियामकांनी 2018 मध्ये याबद्दल लोकांना सावध केले आहे. शब्बाथचे दिवे लावताना बाह्या वर कराव्यात आणि ओढणी मागे बांधावी. असे कपडे धुतले तरी तेलाचा अंश पूर्ण जात नाही.

निळ्या डबीतल्या निव्हियालाही चांगले गुण मिळाले. तिची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. हॅम्बर्गचे यहुदी औषधविक्रेते ऑस्कर ट्रोप्लोविट्झ हे बायर्सडॉर्फ कंपनीचे मालक. आयझॅक लिफ्शुट्झ या यहुदी रसायनशास्त्रज्ञाने मेंढीच्या लोकरीच्या मेणातून तेल आणि पाणी एकत्र बांधून ठेवणारा पदार्थ काढला, आणि त्यातून 1911 साली हे क्रीम निघाले. त्याआधी क्रीम काही दिवसांत फुटायचे, तेल वर आणि पाणी खाली. निव्हिया हा लॅटिन शब्द, अर्थ बर्फासारखे पांढरे. आपल्याकडे स्नो म्हणायचे, तेच की!

उन्हाच्या क्रीमबद्दल थोडक्यात. डबीवर 30 आकडा असेल तर ते भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवते, 50 असेल तर सुमारे 98. म्हणजे आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो पुरेसे लावण्यात. दोन बोटांवर पट्ट्या ओढाव्यात, तेवढे चेहरा-मानेला, आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा. "आम्ही सावळे, आम्हांला ऊन काय करणार?" हे आमच्यापैकी तिघींचे म्हणणे होते. सावळी कातडी कमी भाजते हे खरे, पण ती भाजते, आणि गालांवरचे काळे वांग उन्हानेच वाढतात.

सावळ्या रंगाचा विषय निघालाच आहे, तर तिथे आमची सर्वांत मोठी अडचण झाली. फाउंडेशन. औषधदुकानात चेहऱ्याला लावायच्या त्या रंगाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. पहिल्या पाच-सहा छटा पिठूळ, मग दोन गव्हाळ, आणि मग ओळ संपली. आमच्यातल्या दोघींना काहीच जुळेना. गुलाबी झाक असलेली बाटली लावली तर चेहरा राखाडी दिसे, जणू चुलीची राख पुसली आहे. रिहाना या गायिकेने 2017 मध्ये फेंटी नावाने एकदम 40 छटा बाजारात आणल्या, तेव्हा इतर कंपन्यांनाही छटा वाढवाव्या लागल्या. पण लहान गावच्या दुकानात सगळ्या छटा ठेवतातच असे नाही. आम्हांला उपाय सापडला तो असा: हाताच्या पाठीवर नव्हे, जबड्याच्या कडेला रेघ ओढून दारात उजेडात पाहावे, आणि पिवळसर किंवा सोनेरी झाकेची छटा मागावी. आमच्या कातडीत खाली पिवळा असतो. दोघींपैकी एकीला अशी जुळली. दुसरीने फाउंडेशनचा नाद सोडला, नुसते क्रीम आणि लिपस्टिक लावली, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी तीच सर्वांत छान दिसत होती.

हे चालू असताना आमच्यातल्या एकीची बारा वर्षांची नात जवळ येऊन बसली. तिची बात मित्झ्वा जवळ आली होती. हळूच म्हणाली, "सवता, मुंबईहून येताना मामीने गोरं व्हायचं क्रीम आणलंय. ते मी लावू? फोटोत मी सगळ्यांत काळी दिसते." आम्ही सगळ्या गप्प झालो. त्या प्रश्नाला चाळीस शेकेलचा नियम पुरणार नव्हता.

मंडळी, हा प्रश्न तिने हवेतून नाही उचलला. 1975 साली भारतात फेअर अँड लव्हली आले तेव्हा आपण तरुण होतो. रंगावरून स्थळे नाकारली गेलेली आपण पाहिली आहेत. "गोरी आहे हो, आणि नाकीडोळी नीटस" असे कौतुक आपल्याच तोंडून ऐकत या मुली वाढल्या. त्या कंपनीने 2020 मध्ये "फेअर" शब्द काढून "ग्लो" केला. शब्द बदलला, पण हौस कुठे बदलली?

ती ट्यूब आम्ही मागवून चष्मे लावून वाचली. तिच्यावर कंपनीचा पत्ता नाही, पदार्थांची पुरती यादी नाही. अशा ट्यूबमध्ये काय निघू शकते ते सांगतो. काहींत पारा असतो. पारा रंग उतरवतो खरा, पण कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडे बिघडवतो, आणि लावणारीच्या हातावरून, उशीवरून घरातल्या तान्ह्या मुलांपर्यंत पोहोचतो. लेबलवर कॅलोमेल किंवा मर्क्युरी यांपैकी काही असेल तर सरळ टाकून द्यावी. पण पुष्कळदा तसे लिहिलेलेच नसते. काहींत स्टेरॉइड असते, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि क्रीम थांबवले की आग आग होते. भारत सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकायला मनाई केली, तरी सुटकेसमधून ती इथे येतात. कुणी आधीपासून लावत असेल तर घाबरून एकदम बंद न करता ट्यूब घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे जावे.

नातीला आम्ही हे सगळे सांगितले. तिच्या आजीने आणखी एक केले. आपला स्वतःचा लग्नातला फोटो आणून दाखविला, त्यात ती नातीइतकीच सावळी आहे. नात बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "तू तर फारच सुंदर होतीस." ट्यूब परत मामीकडे गेली नाही, कचऱ्यातही टाकली नाही. ती औषधदुकानात नेऊन दिली, कारण पारा कचऱ्यात गेला तरी कुठे तरी जातोच.

मुलींसाठी दुसरी एक नवी साथ आहे. दहा-बारा वर्षांच्या पोरी सुरकुत्यांची क्रीमे मागतात, रेटिनॉल आणि आम्ले असलेली! ज्या कातडीला सुरकुती माहीत नाही तिला ती औषधे लावून फक्त लाली आणि जळजळ मिळते. स्वीडनमधल्या औषधदुकानांच्या एका साखळीने 2024 मध्ये अशा काही वस्तू 15 वर्षांखालच्या मुलांना विकणे थांबविले. साधा सौम्य साबण, हलके क्रीम आणि उन्हाचे क्रीम, एवढे त्या वयाला पुष्कळ झाले.

काजळपेन्सिल आम्ही पाच वापरल्या. तीन स्वस्तातल्या उत्तम निघाल्या, दोन दुपारपर्यंत गालावर आल्या. डोळ्याच्या वस्तू एकमेकींत वाटून घ्यायच्या नाहीत हा नियम मात्र कडक ठेवावा, मायलेकींतसुद्धा, नाहीतर डोळे एकीचे येतात आणि सगळ्यांचे जातात. मुलांनो, डबीच्या मागे उघड्या झाकणाच्या बरणीचे बारीकसे चित्र शोधा. त्यात 6M किंवा 12M असा आकडा असतो, म्हणजे उघडल्यावर इतके महिने. आमच्या नातवाने हा खेळ करून आजीच्या कपाटातून अकरा वस्तू बाद केल्या. एक लिपस्टिक तर त्याच्या आईच्या लग्नातली निघाली.

आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ? इथे आजी लोक आमच्यावर रागावतील. घरचे काजळ म्हणजे एरंडेलाच्या दिव्याची काजळी आणि तूप. पण ते बोटाने डोळ्यांत भरताना जंतू जातात. बाजारचा सुरमा तर त्याहून वाईट. तो पुष्कळदा शिशाच्या खनिजाचा असतो, काही नमुन्यांत अर्ध्याहून जास्त वजन शिशाचेच निघाले आहे, आणि शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर ती घरच्या काजळाची, तळपायाला लावावी. डोळे मोकळे राहू द्यावेत.

राहिली मेंदी. हळदीला नि मेंदीला आपल्या समाजात कुणी नाही म्हणत नाही, आणि इथल्या मोरोक्कन नि येमेनी शेजारणीही मुलीच्या लग्नाआधी हिना करतात, तेव्हा कोन सगळीकडे मिळतात. खरी मेंदी हिरवट किंवा तपकिरी असते, हातावर कित्येक तास ठेवावी लागते, काढल्यावर नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होते. ती काळी कधीच होत नाही. समुद्रकाठी मुलांच्या दंडावर जी काळी मेंदी काढतात तिच्यात केस रंगवायचा पीपीडी हा पदार्थ असतो. त्याने फोड येतात, डाग राहतात, आणि पुढे जन्मभर केसांचा कलप लावणेही धोक्याचे होते. तेव्हा कोन घेताना आधी कागदावर एक थेंब काढायला लावा. रंग काळा असेल, किंवा बाई म्हणाली, "अर्ध्या तासात काळीभोर रंगेल," तर नवरीचा हात धरून सरळ पुढच्या दुकानात जा.